रस्ता गावातून की गावासाठी?

गेल्या काही वर्षांत आपल्या कोकणपट्टीत भूमिपूजनांचा सुकाळ झाला आहे. कुठे महामार्गाचे, कुठे सागरी सेतूचे, कुठे बंदराचे, तर कुठे अतिजलद रेल्वेचे. नारळ फुटतो, कुदळ मारली जाते, कोनशिलेवरचा पडदा सरकतो आणि व्यासपीठावरून ठरलेले एक वाक्य ऐकू येते : रस्ता आला की विकास आला. या वाक्याला माना डोलावणाऱ्यांत आमचे धर्मग्रामस्थ असतात आणि खोटे कशाला बोला, एकेकाळी आम्हीही होतो. आज मात्र त्या वाक्याला आमची हरकत आहे. रस्ता आला हे खरे. परंतु तो कोणासाठी आला, हे व्यासपीठावर कोणी विचारीत नाही. म्हणून ते या पानांतून विचारावे, असे आम्हांला वाटते.

आमचे म्हणणे प्रारंभीच स्पष्ट करतो. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत दळणवळणाचे जे वस्त्र विणले गेले, त्याचे उभे धागे जाड आणि आडवे धागे तुटके आहेत. उभे धागे म्हणजे मुंबईहून गुजरातकडे आणि गोव्याकडे धावणारे लोहमार्ग व महामार्ग. आडवे धागे म्हणजे पाड्यावरून दवाखान्यापर्यंत, गावातून स्टेशनापर्यंत, खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत जाणाऱ्या वाटा. उभ्या धाग्यांनी जाणाऱ्यांची सोय होते, आडव्या धाग्यांवर राहणाऱ्यांचे आयुष्य टांगलेले असते. नुसत्या उभ्या धाग्यांनी वस्त्र होत नाही, हे कोणताही विणकर सांगेल. आमच्या नियोजनकारांना मात्र ते कोणी सांगितलेले दिसत नाही.

आम्ही ख्रिस्ती लोकांनी रस्त्यांचा द्वेष करावा, असे काहीच कारण नाही. आमची श्रद्धाच मुळी रस्त्यांनी प्रवास करीत आली. संत पौल रोमन साम्राज्याच्या फरसबंद रस्त्यांवरून हिंडला. ते रस्ते सैन्यासाठी बांधलेले होते, पण शुभवर्तमानाच्याही कामी आले. बंदिवान म्हणून तो रोमकडे निघाला तेव्हा तेथील बंधुजन आप्पियाच्या मार्गावर त्याच्या भेटीला सामोरे आले आणि त्यांना पाहून त्याला धीर आला, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. आपल्या भूमीचेही तसेच. सोपारा हे प्राचीन बंदर. तेथून आणि कल्याणहून माल नाणेघाटाने जुन्नरकडे चढत असे. याच व्यापारी जलमार्गाने इ. स. १३२१ च्या सुमारास फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यास उतरले. त्यांतील चौघे तेथे हुतात्मे झाले आणि त्यांचे सोबती डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डन यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. ज्यांचा धर्म वाटसरूंच्या पायांनी आला, ते वाटेला नाही कसे म्हणतील?

तेव्हा रस्ता हवा की नको, असा आमचा वादच नाही. रस्ता कोणाला कोठे पोहोचवतो, एवढाच आमचा वाद आहे.

थोडे मागे जाऊन पाहू. आगगाडी येण्यापूर्वी या किनारपट्टीचा खरा राजमार्ग पाण्याचा होता. वसईची, वैतरणेची, धरमतरची, बाणकोटची, दाभोळची, जयगडची खाडी दोन काठांना जोडीत असे. मचवे आणि गलबते भरती पाहून निघत आणि भरती पाहून परतत. पुढे १८६४ साली मुंबई आणि सुरत लोहमार्गाने जोडली गेली आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली लोकल धावली. या गाडीचे ऋण आम्ही नाकारीत नाही. वसईची केळी, भाजी, फुले, विड्याची पाने आणि दूध तिने मुंबईच्या बाजारात नेले. आमच्या आजोबांना तिने नोकऱ्या दिल्या, आमच्या पिढीला महाविद्यालये दाखवली. डोक्यावर टोपली घेऊन पहाटेच्या गाडीत चढणाऱ्या माउल्यांच्या कष्टांवर आज सुस्थितीत असलेली किती घराणी उभी राहिली, हे ज्याने त्याने आपापल्या घरी आठवून पाहावे.

परंतु त्या दिवसापासून एक गोष्ट हळूहळू घडत गेली. जी खाडी वाट होती ती अडथळा ठरली. दक्षिण कोकणात तर याचे रूप अधिक दुःखद आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या आघातानंतरही कोकणी माणूस बोटीनेच जात राहिला, कारण त्याला दुसरी वाट नव्हती. मग बोटसेवा क्षीण होत होत बंदच पडली. तिच्या जागी काय आले? रेवसपासून रेड्डीपर्यंत सागरी महामार्ग करण्याची कल्पना १९८० च्या सुमारास मांडली गेली. मधल्या मोठ्या खाड्यांवरचे पूल कागदावरून पाण्यावर उतरेपर्यंत त्या काळातली मुले आजोबा झाली. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये २००३ साली फेरीबोट सुरू झाली तेव्हा लोकांना केवढे अप्रूप वाटले! वस्तुतः जी सोय त्यांच्या पणजोबांना होती, तीच त्यांना यंत्राच्या बळावर परत मिळाली होती.

आपल्या दारचीच गोष्ट घ्या. वसई आणि भाईंदर यांच्यामधले पाण्याचे अंतर साडेतीन किलोमीटरांच्या आसपास. गाडी घेऊन जायचे तर महामार्गाने वळसा घालून सुमारे अडतीस किलोमीटर. २०२४ च्या फेब्रुवारीत येथे वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली, तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत केले. परंतु त्याच खाडीत पाणजू नावाचे बेट आहे. रेल्वेचे पूल या बेटाच्या अंगावरून जातात. दिवसाला शेकडो गाड्या त्यावरून धडधडत जातात आणि त्यांतील एकही तेथे थांबत नाही. बेटावरच्या माणसाने होडीची वाट पाहावी, नाहीतर जीव मुठीत धरून पुलाच्या कडेने चालावे. धावत्या गाडीतून खाडीत टाकलेल्या वस्तूंचा मार या चालणाऱ्यांना बसतो. २०२५ साली एका तरुणाचा त्यात जीव गेला. आमच्या सबंध म्हणण्याचे चित्र कोणाला एका दृष्टिक्षेपात पाहायचे असेल, तर त्याने नायगाव सुटल्यावर गाडीच्या दारातून खाली पाहावे. रस्ता गावातून जातो, गावासाठी नाही, याचा याहून ठळक दाखला आम्हांला ठाऊक नाही.

येथे एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी, आमच्या सेवेच्या आरंभीच्या काळात, खाडीपलीकडच्या एका वस्तीतून रात्री निरोप आला. वृद्ध गृहस्थ अत्यवस्थ होते, त्यांना तैलाभ्यंग आणि शेवटचा ख्रिस्तप्रसाद हवा होता. या शेवटच्या ख्रिस्तप्रसादाला ख्रिस्तसभेच्या जुन्या भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थच पाथेय, वाटेची शिदोरी असा होतो. ती शिदोरी छातीशी धरून आम्ही धक्क्यावर उभे राहिलो. ओहोटी लागली होती. होडी चिखलात रुतलेली. नाखवा म्हणाला, “फादर, पाणी चढल्याबिगर काय इलाज नाय.” पाणी चढले, आम्ही पोहोचलो, तेव्हा घरात दिवा लावलेला होता आणि बायका रडत होत्या. त्यांचा मुलगा उलट आमचेच सांत्वन करीत म्हणाला, “फादर, तुमचा दोष नाही. ओहोटी होती.” त्या धक्क्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे अर्ज केले होते. ज्या कचेरीत ते पडून होते, तेथे ओहोटीची वेळ कोणी पाहत नव्हते.

ही झाली किनाऱ्याची कथा. डोंगराकडे वळलो तर शब्द अपुरे पडतात. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा होत असताना, मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर एका आदिवासी भगिनीची अकाली प्रसूती झाली. जुळी बाळे गेली. रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला नातलगांनी झोळी करून, दगडधोंड्यांच्या उतारावरून सुमारे तीन किलोमीटर वाहून रस्त्यापर्यंत आणले. हाच तो पालघर जिल्हा, ज्यातून देशातला अत्यंत वर्दळीचा मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो आणि ज्यातून ५०८ किलोमीटर लांबीची अतिजलद रेल्वे जाणार आहे. तिचे भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाले, तेव्हा खर्चाचा अंदाज एक लाख आठ हजार कोटी रुपयांचा होता. तिच्यासाठी ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटरांचा बोगदा आखला गेला. समुद्राच्या पोटातून वाट काढणाऱ्या देशाला पाड्यावर रुग्णवाहिका नेता येऊ नये?

यावर उत्तर मिळते की ग्रामीण रस्त्यांसाठी योजना आहे. आहे खरी. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, सुरू झाली आणि तिने देशभर पुष्कळ चांगले काम केले, हे मान्य करण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही. परंतु तिचा मूळ निकष पाहा. सपाट प्रदेशात पाचशे, डोंगराळ आणि आदिवासी भागात अडीचशे लोकवस्ती असली तरच रस्ता. मग ज्या पाड्यावर साठ माणसे राहतात, त्यांनी काय करावे? अडीचशे होईपर्यंत थांबावे? शासनाला कोठेतरी रेघ ओढावी लागते, हे आम्ही जाणतो. पण आमच्या प्रभूने शिकवलेले गणित निराळे आहे. नव्व्याण्णव मेंढरे रानात ठेवून तो एकाच्या शोधात निघतो. शासनाच्या गणितात ते एक मेंढरू निकषात बसत नाही.

आता आमच्या विरोधकांचे युक्तिवाद एकेक करून तपासू.

पहिला युक्तिवाद असा की आधी मोठे रस्ते होऊ द्या, त्यांच्यामागून लहान येतीलच. वाचकहो, १८६७ पासून आपण वाट पाहत आहोत. महामार्गाच्या दोन्ही अंगांना मनोर, चारोटी, तलासरी येथे राहणाऱ्यांना त्या महामार्गाने काय दिले? रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरण्याची सवय. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा कोठे या रस्त्याच्या रचनेविषयी देशभर चर्चा झाली. त्या निधनाचे दुःख आम्हांलाही आहे. पण त्याआधी याच रस्त्यावर गेलेल्या मजुरांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी कोणी चर्चा का केली नाही, हे विचारणे उद्धटपणा ठरू नये.

दुसरा युक्तिवाद पैशांचा आणि वेळेचा. तो तर टिकतच नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नाहीशा झाल्या. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून २०१७ च्या जूनमध्ये खुला केला गेला. ज्यांनी तो बांधला, त्यांना आम्ही हात जोडतो. परंतु त्याच मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ साली हाती घेतलेले चौपदरीकरण एका तपाहून अधिक काळ रखडले. तेव्हा इच्छा असली की दिवस मोजले जातात आणि नसली की तपे लोटतात, एवढाच याचा अर्थ. प्रेतांची रास पडल्यावाचून ती इच्छा जागी होत नाही, हे आमचे दुर्दैव.

तिसरा युक्तिवाद आम्हांला उद्देशून असतो : तुम्ही वसईकर आणि गोवेकर सगळ्यालाच विरोध करता. १९९० नंतर कोकण रेल्वे गोव्यातून कोठून न्यावी, यावर मोठे आंदोलन झाले. खाजणांच्या सखल जमिनीतून भराव घालून मार्ग नेऊ नये, असे लोक म्हणत होते आणि तेथील ख्रिस्तसभेनेही त्यांची बाजू घेतली. तेव्हाही त्यांना विकासाचे शत्रू ठरवले गेले. १९९८ साली रेल्वे सुरू झाली. डोंगर पोखरून, नद्या ओलांडून बांधलेला तो मार्ग हे मोठेच कर्तृत्व आहे आणि आम्हीही त्या गाडीने आनंदाने जातो. म्हणून भरावाखालून पाणी कोठे जाणार, हा प्रश्न चुकीचा होता काय? जुलै २०१८ मध्ये वसई आणि नालासोपारा पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, मिठागरांतली माणसे अडकली. तेव्हा सखल जमिनी बुजवण्याची किंमत काय असते, ते आपण घराघरांत गुडघाभर पाण्यात उभे राहून शिकलो. प्रश्न विचारणारा हा रस्त्याचा शत्रू नसतो. पुष्कळदा तोच त्याचा शेवटचा मित्र असतो.

रस्त्यांइतकेच महत्त्व त्यांवरून धावणाऱ्या वाहनांना आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढे “गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी” ही घोषणा महाराष्ट्राच्या ओठी बसली. आज पंचाहत्तरीपुढच्या वृद्धांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे आणि २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्ध्या तिकिटात मिळतो. चांगले आहे. पण ज्या गावची गाडीच बंद झाली, तेथील आजीबाईंनी ती सवलत कोठे वापरावी? २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा आम्ही जे पाहिले ते असे : गाडी थांबली की मुलगा मित्राच्या दुचाकीवर बसून शाळेत जातो आणि मुलगी घरी राहते. आणि लोकल? २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर २,५९० माणसे मेली. माणसांना गुरांप्रमाणे प्रवास करावा लागतो, याबद्दल उच्च न्यायालयाने २०२४ साली तीव्र शब्दांत खंत व्यक्त केली. त्या मृतांची नावे आमच्याही मरणनोंदवहीत आहेत.

संदेशवहनाचेही तेच. २०२० साली महामारीत शाळा दूरध्वनीच्या पडद्यावर गेल्या, तेव्हा कणकवली तालुक्यातील एक विद्यार्थिनी संपर्क मिळावा म्हणून डोंगरावरच्या झोपडीत, ऐन पावसात, अभ्यासाला बसत असल्याचे वृत्त सर्वांनी वाचले. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले. तिला डोंगर का चढावा लागला, याची लाज मात्र कोणाला वाटली नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६७ सालच्या आपल्या परिपत्रात खरा विकास सर्व माणसांचा आणि संपूर्ण माणसाचा असतो, असा सिद्धान्त मांडला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या “लाउदातो सी” या परिपत्रात वाहतुकीचा विषय थेट हाताळला असून खाजगी मोटारींच्या गर्दीपेक्षा सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम द्यावा, असे सुचवले आहे. आणि २०२० साली त्यांनी यरीहोच्या वाटेवरच्या दयाळू शोमरोन्याची कथा पुन्हा उलगडून दाखवली. त्या वाटेवरून याजक गेला, लेवी गेला. वाट चांगलीच असणार. कमी होती ती थांबणाऱ्याची.

आता बोट स्वतःकडे वळवतो, कारण दुसऱ्यांवर टीका करून प्रवचन संपवणे सोपे असते. आमच्या घरी मोटार आली, त्या दिवशी आम्ही बससाठी अर्ज करणे सोडले. रविवारी मिस्सेला यायला चालत दहा मिनिटे लागतात, तरी चर्चच्या आवारात मोटारींना जागा पुरत नाही. वाडीतला रस्ता दोन हात रुंद करायचा म्हटला की कुंपणाची भिंत आमच्या आड येते आणि महामार्गालगतची वडिलोपार्जित बावखले बुजवून विकताना मात्र आमची भिंत कोठे जाते, कोण जाणे. शेवटी वेशीवरच्या क्रूसाचा विषय निघतो. आमचे मत कोणाला रुचो न रुचो, सांगतो. क्रूस वाटेवर उभा केला, तो वाटसरूला आधार म्हणून. बाहेरच्या वाहनांना दोन मिनिटे लवकर पोहोचता यावे म्हणून कोणी तो हलवू म्हणेल, तर आम्ही आडवे उभे राहू. परंतु वाडीत रुग्णवाहिका येण्यासाठी तो चार हात मागे घ्यावा लागला, तर पहिला दगड आम्ही स्वतः, प्रार्थना म्हणून, उचलू. त्या क्रूसावर जो आहे, त्याने रुग्णाची वाट कधी अडवली नव्हती.

आमच्या मागण्या थोड्याच आहेत. जिल्ह्यातून जाणारा प्रत्येक मोठा मार्ग मंजूर करताना, त्याच्या दोन्ही अंगांची गावे आणि पाडे त्याला जोडण्याचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा, मागाहून नव्हे. खाड्यांवरच्या होड्या, धक्के आणि फेरीबोटी यांना सार्वजनिक वाहतुकीचा दर्जा देऊन त्यांचे वेळापत्रक भरती-ओहोटीनुसार व गाड्यांनुसार लावावे. एसटीची फेरी बंद करण्यापूर्वी त्या गावच्या ग्रामसभेला विचारावे. आणि लोकसंख्येच्या निकषात न बसणाऱ्या पाड्यांना, निदान रुग्णवाहिका जाईल एवढी वाट, हक्क म्हणून मिळावी.

प्रत्येक धर्मग्रामाने येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या हद्दीतील अशा तुटक्या वाटांची यादी करावी : कोणत्या वस्तीत गाडी जात नाही, कोठे होडी नाही, कोणती बस बंद झाली. ती यादी ग्रामसभेत आणि प्रभाग कार्यालयात द्यावी, पोच घ्यावी आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन विचारावे. या यादीत केवळ ख्रिस्ती घरे नसावीत. खाडीला आणि डोंगराला जातधर्म नसतो.

त्या रात्री धक्क्यावर आम्हांला काही करता आले नाही. त्या मुलाने आम्हांला दोषमुक्त केले, ही त्याची थोरवी. पण पंचवीस वर्षांनंतरही कोठेतरी कोणी झोळी खांद्यावर घेऊन रस्त्याकडे चालत असेल, तर त्या वेळी ओहोटी होती, असे सांगून आता आपल्यापैकी कोणालाही सुटता येणार नाही.